बांधातली नावं

एका राज्यात राजाच्या लेकरांना नाव टिकत नसे. रयतेत तसं काही नव्हतं. कुंभाराच्या पोरांना नावं होती, कोष्ट्याच्या पोरींना होती, वेशीवर झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा होतं. पण राजवाड्यात बारसं झालं, आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत लाडानं बुक्क्या घातल्या, की पाळण्याचा पहिला झोका पुरा व्हायच्या आत ते नाव गळून जाई. आपण काय सांगितलं ते आत्यालाच आठवत नसे. दुसरं ठेवावं, तेही जाई. सोन्याच्या पत्र्यावर कोरून घ्यावं, तर सकाळी पत्रा कोरा.

आता तुम्ही म्हणाल, नाव नाही तर नाही; बाळ म्हणा, सोन्या म्हणा, काय अडतं? अहो, अडतं! लेकरू तापानं फणफणलं, डोळे फिरवायला लागलं, की आई त्याला नावानं हाक मारते आणि ते अर्ध्या वाटेवरून माघारी येतं. बिननावाच्या लेकराला कुणी काय म्हणून बोलवावं? चंडकेतू राजाची लेकरं अशीच गेली, एकामागून एक, दात यायच्या आत. आता राणी पद्मगंधेच्या मांडीवर शेवटची लेक होती. राणीला पुन्हा मूल होणं नाही, असं वैद्यांनी सांगून टाकलं होतं.

त्याच राजवाड्यात सारजा नावाची एक दासी होती. गाणारी. दरबारात जी गाणी होत ती हिनं बांधलेली, आणि वाहवा व्हायची गवयांची. सारजाचं नाक थेट थोरल्या महाराजांचं, म्हणजे चंडकेतूच्या वडलांचं. भुवयाही त्यांच्याच. वयानं ती चंडकेतूहून थोरली. हे साऱ्या राजवाड्याला ठाऊक होतं आणि सारा राजवाडा मूग गिळून होता. दासीच्या पोटी आली ती दासी. बाप कोण हे विचारायची तिथं रीत नव्हती. आणि आईचं नाव? ते सारजालाही ठाऊक नव्हतं. ती रांगत होती तेव्हाच आई गेली, एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं.

बारशाला बाळ पाळण्याच्या वरून खाली, खालून वर द्यायचं असतं. वरच्या बाजूला राजघराण्यातल्या बायका उभ्या राहत, खालच्या बाजूला जमिनीवर दासी बसत. प्रत्येक बारशाला सारजा खाली बसली होती. राजाचं प्रत्येक लेकरू तिनं दोन्ही हातांत झेललं होतं आणि पुन्हा वर दिलं होतं. ही शेवटची लेक सोडली तर त्यांतलं एकही उरलं नव्हतं. तिला त्यांचं वाईट वाटे. का वाटावं, असा तिचा तिलाच राग येई, तरी वाटे.

सारजाला एक लेक होती. बुधवारची जन्मली म्हणून बुधी. दासींच्या पोरांना वाराचीच नावं असत. कुणी सोमी, कुणी मंगळ्या. दिवेलागणीला सारजा मागच्या अंगणात उभी राहून हाक मारी, "बुधे, ये गं घरी!" आणि बुधी जिथं असेल तिथून, ओल्या हातांनी, केस मोकळे सोडून धावत येई. घर म्हणजे काय, तर पागेमागची एक खोली. पण हाक ऐकून पोर धावत आली की सारजाला त्या खोलीत काही कमी वाटत नसे.

त्या वर्षी राजाच्या बहिणीचं, मणिप्रभेचं लग्न ठरलं. सात डोंगरांपलीकडचा राजा नवरा. आंदण काय काय द्यायचं ते ठरलं: घोडे, गाई, रेशमाचे पेटारे, आणि दासी. मणिप्रभा म्हणाली, "बुधी माझ्या केसांना तेल छान लावते. ती हवी." झालं. पेटाऱ्यांच्या शेजारी बुधीला उभं करून पाहिलं, दात पाहिले, हात पाहिले, आणि पसंत केली. आंदणात गेलेली दासी परत आल्याचं त्या राज्यात कुणी ऐकलं नव्हतं.

तशात एके सकाळी भर दरबारात एक साळुंकी येऊन राजाच्या छत्रावर बसली. म्हातारी, एका डोळ्यानं आंधळी, चोच पांढरी. ती बोलू लागली.

"राजा, लेक जगावी असं वाटतं?"

"वाटतं," राजा म्हणाला.

"मग ऐक. तुझ्या बापानं नदीवर थोरला बांध घातला. दूरदूरची माणसं विकत आणली, त्यांच्याकडून खणून घेतला. बांध काही टिकेना. रोज बांधावा, रोज वाहून जावा. तेव्हा तुमच्या मांत्रिकानं उपाय काढला. प्रत्येकाच्या हाती मूठभर ओला चुना दिला आणि सांगितलं, यात आपलं नाव बोल. बोललं की नाव चुन्यात जाई. तो चुना बांधाला लावला. बांध टिकला. माणसं बिननावाची मेली. कुणाचं नाव घेऊन कुणी रडलंसुद्धा नाही. त्या ओल्या चुन्यात मी चोच घातली, तेव्हापासून मला मरण नाही."

मांत्रिक अघोरदत्त, त्या जुन्या मांत्रिकाचाच मुलगा, दाढी कुरवाळत राहिला.

"शेवटी मेली ती एक बाई," साळुंकी म्हणाली. "राजवाड्यातून काढून बांधावर पाठवलेली; तुझं आणि तुझ्या बहिणीचं बारसं होऊन गेलं तरी ती तिथं राबत होती. राजवाड्यात तिचं मूल राहिलं होतं. मरताना ती म्हणाली, ज्यांनी आमची नावं घेतली त्यांच्या घरात यापुढं नाव टिकू नये."

सगळ्यांनी खाली पाहिलं. सारजाकडे कुणीही पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

"उपाय?" राजानं विचारलं.

"त्या मेलेल्यांचं गाणं बांधा. त्यात त्यांचा ताल हवा, त्यांचा सूर हवा, त्यांची नावं हवीत. बांधावर उभं राहून ते गा. मग थोरल्या आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगावं. ते नाव टिकेल."

राजानं सारजाला पुढं बोलावलं. सारजा हात जोडून म्हणाली, "गाणं मी बांधीन, महाराज. माझी बुधी आंदणात जाऊ नये. ती मोकळी व्हावी."

"शाप सुटला की बुधी मोकळी," राजा म्हणाला, आणि त्यानं तिच्या हातावर पाणी सोडलं. पाणी सोडलं म्हणजे शब्द पक्का. त्या राज्यात तरी तसंच मानत.

सारजा निघाली, साळुंकी तिच्या खांद्यावर बसली.

पहिलं काम तालाचं. किल्ल्याच्या पोटात अवजारांची कोठी होती. बांध झाल्यापासून तिला कुलूप. सारजानं कुलूप काढलं, तो आत काय! कुदळी भिंतीला टेकून उभ्या, आणि माणूस नसताना आपल्या आपण उठत होत्या, पडत होत्या. साळुंकी म्हणाली, "कोपऱ्यातली घे. आणि त्यांच्याबरोबर खण." सारजा खणू लागली. तिच्या हातांना वीणेची सवय, कुदळीची कुठली? तळवे सोलवटले, दांडा रक्तानं ओला झाला. तरी तिनं हात थांबवला नाही. तेव्हा कुठं तिला कळलं की हा ताल दरबारातल्यासारखा पुढं पळत नाही. कुदळ पडते, मग श्वास. कुदळ पडते, मग श्वास. आणि कधी कुणाचा श्वास चुकला, तर बाकीच्या कुदळी वर उचललेल्या तशाच थांबतात, त्याला गाठू देतात. मुकादमाच्या आसुडाखाली ती माणसं एकमेकांसाठी अशी थांबत होती. सारजाला रडू आलं. ताल तिच्या हातात बसला.

दुसरं काम सुराचं. राज्याच्या सीमेवर एक उजाड माळ होता. तिथं पूर्वी माणसांचा बाजार भरे. आई एकाला विकायची, लेकरू दुसऱ्याला. त्या वेळी ज्या हाका उठल्या त्या वाऱ्यानं धरून ठेवल्या होत्या. माळावर गवत नव्हतं, पाखरू नव्हतं, नुसत्या हाका फिरत होत्या. सारजानं पदर पसरला. वारा म्हणाला, "सूर देतो. तुझ्या गळ्यातला गोडवा ठेवून जा. गोड गळ्यात हा सूर खोटा होतो."

सारजा घुटमळली. का घुटमळू नये? त्या गोडव्यावर तर तिला दोन वेळचं अन्न मिळत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं पेटाऱ्यांशेजारी उभी केलेली बुधी आली. "घे," ती म्हणाली. परतली तेव्हा तिचा आवाज पत्रा खरवडल्यासारखा झाला होता.

तिसरं काम नावांचं. सारजा थोरल्या बांधावर गेली. पलीकडं भरलेलं तळं, तळ्यात राजाचा जलमहाल, अलीकडं राजाचे उसाचे मळे. आणि बांधाखाली नदीचं जुनं पात्र, कोरडं ठाक, त्याच्या काठानं कोरडी गावं. तिनं बांधाच्या दगडाला कान लावला. चुना बोलला.

"एका नावाला तुझं एक गाणं. आठवणीतून जाईल."

"घ्या," सारजा म्हणाली.

मग नावं येऊ लागली. कोंडू. तिळी. जांभा. लाखी. मारुवा. रेवी. नाव आलं की तिचं एक गाणं पुसलं जाई: वसंतातलं, विजयाचं, राजाच्या लग्नातलं. दुसऱ्या प्रदेशांतली नावं होती, जिभेवर न वळणारी. तिनं ती पुन्हा पुन्हा म्हणून घोटली. मध्येच चुना नुसताच थांबला, एक श्वासभर.

"इथं कोण?" तिनं विचारलं.

"तान्हं होतं. अजून नाव ठेवलं नव्हतं. त्याच्या आईनं त्याची मूठ चुन्यात बुडवली, आणि कुणी काहीच बोललं नाही."

सारजानं तिथं गाण्यात एक मात्रा रिकामी ठेवली. शेवटचं नाव आलं तेव्हा तिच्याजवळ स्वतःचं एकही गाणं उरलं नव्हतं. बुधीला झोपवताना म्हणायची ते अंगाईचंसुद्धा गेलं. तिनं दगडाला घट्ट धरून विचारलं, "यांतलं माझ्या आईचं नाव कोणतं?"

"चुन्यात सगळी मिसळली," चुना म्हणाला. "कोणतं कुणाचं, ते आता आम्हालाच ठाऊक नाही."

बांधावर बसून सारजा खूप रडली. मग उठली आणि तिनं गाणं बांधलं. एकही नाव घाईनं उरकायचं नाही, एकही दुसऱ्याहून खाली घ्यायचं नाही. न जाणो, तेच आईचं असेल. असं ते गाणं झालं.

तालमीला राजा आला, मांत्रिक आला. सारजानं खरखरीत आवाजात पहिलं नाव घेतलं, "कोंडू." बांधातून मूठभर चुना सुटून खाली पडला. दुसरं नाव घेतलं. दगडाच्या फटीतून पाणी पाझरलं. अघोरदत्ताच्या तोंडचं पाणी पळालं.

"महाराज, थांबवा! नावं निघाली तर बांध निघेल. तळं जाईल, मळे जातील, जलमहाल चिखलात बसेल."

"मग काय करावं?" राजानं विचारलं.

"ताल ठेवावा. सूर ठेवावा. नावं तेवढी काढावीत. मेलेल्यांना काय, मान दिला म्हणजे झालं."

सारजा म्हणाली, "महाराज, नावं काढली तर राहिलं काय?"

"सूर आहे की, ताल आहे की," राजा म्हणाला. "आणि तुझा गळाही बसला आहे. आमचे गवई वाजवतील."

मग काय विचारता! बांधावर मखमली मांडव पडला. अत्तर शिंपडलं. साऱ्या सरदारांच्या बायका नव्या शालू-पैठण्या नेसून आल्या. सारंग्या लागल्या, मृदंग घुमला. त्या रिकाम्या मात्रेत काही नाही म्हणून गवयांनी तिथं घुंगरं भरली. काय गोड वाजलं म्हणता! बायकांनी डोळे टिपले. "अगंबाई, किती सोसलं असेल नाही त्यांनी," असं म्हणत त्यांनी हात पुढं केला, आणि मागं उभ्या असलेल्या दासींनी त्यांच्या हातात सरबताचे पेले दिले. राजानं भाषण केलं, गवयांना सोन्याची कडी दिली. सारजा मांडवाबाहेर उभी होती. तिला आत बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

लगेच पाळणा आणला. मणिप्रभेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. झोका पुरा व्हायच्या आत ते गळून गेलं. बाळाला त्याच दिवशी ताप भरला.

राजा सारजावर डाफरला. "तुझ्या गाण्यानं शाप सुटला नाही."

"माझं गाणं कुणी वाजवलंच नाही, महाराज."

"शाप सुटला की बुधी मोकळी, असा आमचा शब्द होता. शाप सुटला नाही."

दुसऱ्या दिवशी मणिप्रभेची वरात निघाली. पुढं हत्ती, मागं घोडे, त्यामागं गाई, त्यामागं दासी. बुधीच्या हातात तेलाची बुधली होती. सारजा वरातीबरोबर वेशीपर्यंत धावली. भालदारांनी तिला तिथं अडवलं. बुधी मागं वळून म्हणाली, "आई, तू हाक मार हां रोज. मी ऐकेन." काय ते वेडं लेकरू! सारजानं तोंड उघडलं, पण त्या फाटक्या आवाजातली हाक वाजंत्र्यांच्या पलीकडं गेली नाही.

दिवस गेले. बाळाचा ताप उतरेना. अन्न नाही, दूध नाही, नुसतं लाकूड झालं पोरीचं. वैद्यांनी हात टेकले. मग एका दुपारी राणी पद्मगंधा, पायात वहाण न घालता, बाळाला कवटाळून पागेमागच्या खोलीत आली. राणीनं त्या खोलीचा उंबरा पहिल्यांदाच ओलांडला होता.

"सारजे, नावांसकट गा. बांध राहो, जावो."

सारजा चुलीपुढं बसली होती. उठली नाही. "माझी लेक दिलीत, राणीसाहेब. आता तुमच्या लेकीसाठी गा म्हणता?"

राणी खाली, मातीच्या जमिनीवर बसली. "मी घोडेस्वार धाडते," ती शेवटी म्हणाली. "माझ्या अंगठीनिशी. मणिप्रभेकडून बुधीला मागून घेते. तू गा."

राणीच्या मांडीवर बाळ कण्हत होतं. बारशाला हेच तिनं हातात झेललं होतं. शिवाय सारजाच्या छातीत ती सगळी नावं दाटून बसली होती, बाहेर यायला धडपडत होती. त्यांनी राजाचं काय घोडं मारलं होतं, की त्यांनी अजून कोंडून राहावं? "स्वार धाडा," सारजा म्हणाली. "ते परत यायच्या दिवशी गाईन." राणीनं त्याच घटकेला स्वार धाडले.

स्वार परतत असल्याची बातमी चौकीवरून आली, त्या सकाळी सारजा बांधावर उभी राहिली. मांडव नव्हता, सारंगी नव्हती. राजवाड्यातल्या दासी आणि गडी कुदळी घेऊन आले होते. राजा आडवा आला, तर राणी त्याच्यापुढं बाळ घेऊन उभी राहिली. "तळं हवं की लेक?" तिनं विचारलं. राजानं तळ्याकडं पाहिलं, बाळाकडं पाहिलं. लाज वाटावी इतका वेळ त्याला लागला. मग तो बाजूला झाला.

कुदळी पडल्या. श्वास. कुदळी पडल्या. श्वास. सारजा गाऊ लागली.

"कोंडू." बांधातला चुना सुटला. "तिळी." दगड हलला. "जांभा. लाखी. मारुवा. रेवी." ज्याला ज्याला आपल्या घरातली मेलेली माणसं ठाऊक नव्हती, आणि तिथं कुणालाच ती ठाऊक नव्हती, तो प्रत्येक जण प्रत्येक नावाला रडत होता. म्हातारे गडी लहान पोरांसारखे रडत होते. एवढ्या वर्षांचं रडणं नावाअभावी राहून गेलं होतं ते. रिकामी मात्रा आली तेव्हा सगळ्या कुदळी वर उचललेल्या तशाच थांबल्या. कुणी घुंगरू वाजवलं नाही. तळ्याचं पाणीसुद्धा तेवढा एक श्वास थांबलं. मग शेवटचं नाव आलं आणि सारे उभे होते ते टोक सोडून थोरला बांध खचला. पाणी ओरडत जुन्या पात्रात उतरलं आणि कोरड्या गावांच्या दिशेनं निघून गेलं. जलमहाल चिखलात कलला. साळुंकीनं पंख मिटले, आणि सारजाच्या खांद्यावरच तिनं प्राण सोडला.

तेवढ्यात स्वार पोचले. त्यांच्याबरोबर बुधी नव्हती.

"सात डोंगरांच्या राजाकडून निरोप आहे," पहिला स्वार मान खाली घालून म्हणाला. "आंदणातल्या दासींची जुनी नावं शेवटची नदी ओलांडताना काढून घेतात, असा त्यांच्याकडचा रिवाज आहे. मग नवी देतात. जुन्या नावाबरोबर ओळखही पुसली जाते. मणिप्रभादेवींना आता जुनी नावं आठवत नाहीत. ते म्हणाले, बुधी नावाची मुलगी आमच्याकडे कुणी नाही. आम्ही अंगणात उभं राहून हाका मारल्या. एकीनंही ओ दिली नाही."

सारजा उभी होती तशीच राहिली. तिचा चेहरा पाहवत नव्हता.

राणीच्या हातात बाळानं डोळे फिरवले. "नाव!" राणी किंचाळली. "कुणीतरी नाव ठेवा! मणिप्रभेला आणा!"

"ती सात डोंगरांपलीकडं," अघोरदत्त म्हणाला. "येईपर्यंत उशीर होईल."

तेव्हा कुदळवाल्या गड्यांतला एक म्हातारा पुढं झाला. त्यानं थोरल्या महाराजांच्या घोड्याला खरारा केलेला होता. "पाखरू थोरली आत्या म्हणालं होतं," तो म्हणाला. "मणिप्रभादेवी धाकट्या. थोरली ही इथं उभी आहे. प्रत्येक बारशाला पाळण्याच्या खाली बसत होती."

राजाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. हे मान्य करायचं म्हणजे बापाचं सगळंच मान्य करायचं. हिची आई, तो बांध, तो चुना. इतकी लेकरं त्यानं गमावली होती आणि इलाज पाळण्याखाली बसून त्यांना झेलत होता. पण बाळाचे ओठ निळे पडत होते. राजा सारजापुढं आला.

"ताई," तो म्हणाला. मग सगळ्यांदेखत मोठ्यानं पुन्हा म्हणाला, "ताई, माझ्या लेकीचं नाव ठेव."

सारजानं त्याच्याकडं पाहिलं. नाही म्हणायचा तिला पुरेपूर हक्क होता. तोंडावर थुंकली असती तरी कुणी तिला बोललं नसतं. मग तिनं बाळाला हातात घेतलं. ते हलकं होतं, बुधी पहिल्या आजारात झाली होती तितकंच हलकं.

"नाव मी ठेवीन ते," ती म्हणाली. "बदलायचं नाही."

"नाही बदलणार."

"हातावर पाणी नको. तुमचं पाणी मी पाहिलं."

ती बाळाच्या कानाशी वाकली आणि तिनं एक नाव सांगितलं. सगळ्यांनी वाट पाहिली. नाव गळलं नाही. मग ती ताठ उभी राहिली आणि त्या खरखरीत आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बुधी. हिचं नाव बुधी. ते नाव सध्या मोकळं आहे."

राणीनं बाळाला छातीशी धरलं आणि हाक मारली, "बुधे! ये गं घरी!" बाळानं डोळे उघडले.

शाप सुटला. राज्याची घडी बसली. नदी आपल्या पात्रातून वाहू लागली, कोरड्या गावांत पिकं आली. माणसांचा बाजार राजानं बंद केला, राजवाड्यातल्या दासी मोकळ्या झाल्या, आंदणात माणूस द्यायची रीत मोडली. अघोरदत्ताला हाकलून दिलं. दर वर्षी मोडक्या बांधावर सारजा ते गाणं गाते, नावांसकट, आणि राजा खाली जमिनीवर बसून ऐकतो. सात डोंगरांपलीकडं स्वार पुन्हा पुन्हा गेले, पण कुणाला हाक मारायची हेच तिथं कुणाला सांगता येत नव्हतं.

राजकन्या बुधी मोठी होते आहे. दिवेलागणीला ती बागेत कुठंतरी खेळत असते. राजा सज्ज्यात येतो आणि ज्या पोरीला त्यानं पेटाऱ्यांशेजारी उभं केलं होतं, तिचं नाव घेऊन रोज हाक मारतो. घ्यावंच लागतं; थोरल्या आत्यानं ठेवलेल्या नावाखेरीज दुसरं टिकत नाही. "बुधे, ये गं घरी!" सारजा खालच्या अंगणात तांदूळ निवडत असते. हाक आली की तिचे हात थांबतात आणि ती फाटकाकडं बघते. मग लहानगी बुधी केस मोकळे सोडून, ओल्या हातांनी, तिच्यासमोरून राजाकडे धावत जाते, आणि सारजा पुन्हा तांदूळ निवडायला लागते.